मूळ शब्दाच्या शोधात : पंडिता रमाबाई

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचा जन्म आपल्या खेड तालुक्यातील शेरवली या गावी १८ एप्रिल १८५८ रोजी झाला, हे आपल्या महाविद्यालयातील बहुतेकांना ठाऊक असते. त्यानंतर अवघ्या पाच दिवसांनी, २३ एप्रिल रोजी, सह्याद्रीच्या दक्षिणेकडील रांगेत गंगामूळ नावाच्या डोंगरावर अनंतशास्त्री डोंगरे यांच्या आश्रमात एक मुलगी जन्मास आली. तीच पुढे पंडिता रमाबाई म्हणून जगास माहीत झाली. कर्व्यांच्या चरित्रात रमाबाई येतात त्या शारदा सदनाच्या निमित्ताने. १८९३ साली कर्व्यांनी जिच्याशी पुनर्विवाह केला ती गोदूबाई सदनातील पहिली विधवा विद्यार्थिनी होती. एवढे सांगून आपली पुस्तके पुढे सरकतात. रमाबाईंनी आयुष्याच्या अखेरीची दीड तपाच्या आसपासची वर्षे ज्या कामाला वाहिली, ते मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांतून केलेले बायबलाचे मराठी भाषांतर मात्र कोणाच्या फारसे खिजगणतीत नसते. ख्रिस्ती मंडळींनी ते बाजूला ठेवले आणि इतरांनी ख्रिस्ती पुस्तक म्हणून हाती घेतले नाही. परंतु रमाबाईंचे सगळे आयुष्य नीट पाहू जाता हे काम शेवटी आलेले एखादे परिशिष्ट वाटत नाही. लहानपणापासून चाललेल्या एका भांडणाचा तो शेवटचा अंक आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

भांडण होते ते असे. ग्रंथ कोणी वाचावा, आणि ज्याला वाचू दिले जात नाही त्याने दुसऱ्याच्या सांगण्यावर किती विश्वास ठेवावा?

अनंतशास्त्री पुण्यास शिकत असताना त्यांचे गुरू पेशव्यांच्या वाड्यात एका राणीसाहेबांना संस्कृत शिकवीत असत. हे पाहून अनंतशास्त्र्यांच्या मनाने घेतले की आपणही आपल्या पत्नीस शिकवावे. घरच्या विरोधामुळे पहिल्या पत्नीच्या बाबतीत ते जमले नाही. दुसरी पत्नी लक्ष्मीबाई हिला त्यांनी शिकवले आणि त्याबद्दल उडुपी येथे पंडितांच्या सभेपुढे त्यांना जाब द्यावा लागला. शास्त्राधार दाखवून त्यांनी आपली बाजू राखली. पण एक मर्यादा त्यांनीही पाळली. काव्ये, व्याकरण, पुराणे स्त्रियांनी शिकावीत, वेद मात्र नाहीत. रमाबाई आईजवळ शिकल्या आणि वयात येण्याच्या सुमारास भागवताचे अठरा हजार श्लोक त्यांना मुखोद्गत होते. वेदाचे एक अक्षरही नव्हते.

पुढची वर्षे पायपिटीची. कर्जात बुडालेले हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराणे सांगत हिंडत होते. १८७४ च्या आसपासच्या दुष्काळाच्या दिवसांत वडील, आई आणि मागोमाग थोरली बहीण गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास उरले. दोघे पायी चालत, अर्धपोटी, उत्तरेकडे गेले आणि १८७८ साली कलकत्त्यास पोहोचले. तेथे एका विशीतल्या मराठी मुलीचे संस्कृत ऐकून पंडित मंडळी थक्क झाली व त्यांनी तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. याच कलकत्त्यात केशवचंद्र सेन यांनी वेदाची एक प्रत तिच्या हाती ठेवली. ज्या ग्रंथाच्या नावाने आजवर सारे नियम सांगितले जात होते, तो ग्रंथ आता समोर होता. धर्मशास्त्रेही तिने याच काळात वाचली आणि स्त्रीबद्दल त्यांत काय लिहिले आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. सांगणाऱ्याच्या तोंडून ऐकणे वेगळे आणि मूळ पान उघडणे वेगळे, हा धडा तिला येथे मिळाला असावा.

भाऊ १८८० साली वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी दास मेधावी या कायस्थ वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. जातीबाहेरचा, प्रांताबाहेरचा आणि धर्मविधीवाचून झालेला! संसार आसामातील सिलचर येथे दोन वर्षांपेक्षाही कमी टिकला. मनोरमा तान्ही असताना, फेब्रुवारी १८८२ मध्ये, मेधावी पटकीने गेले. या घरात पतीच्या पुस्तकांत रमाबाईंना एक लहानसे पुस्तक सापडले होते : लूकच्या शुभवर्तमानाचे बंगाली भाषांतर. बायबलाशी त्यांची खरी जानपछान झाली ती अशी, एका भाषांतरातून, आणि तेही आपली मातृभाषा नसलेल्या भाषेतल्या. याच गावी एका बॅप्टिस्ट मिशनऱ्याने त्यांना उत्पत्तीच्या पुस्तकातील सृष्टीची कथा समजावून दिली. पतीस हे रुचत नव्हते.

पुण्यातील वर्षाची हकीकत सर्वश्रुत आहे. आर्य महिला समाज, 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक, हंटर कमिशनपुढील साक्ष, सारे १८८२ मधलेच. पुढच्या वर्षी वैद्यकी शिकण्याच्या इराद्याने त्या मनोरमेस आणि आनंदीबाई भगत या मैत्रिणीस घेऊन इंग्लंडास गेल्या. वाँटिज येथील ॲंग्लिकन भगिनींच्या मठात उतरल्या. तेथे आनंदीबाईंनी आत्महत्या केली. या भयंकर प्रसंगानंतर थोड्याच दिवसांनी, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. कानांच्या दोषामुळे वैद्यकी राहिली आणि त्या चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात दाखल झाल्या.

महाराष्ट्रात त्यांच्या धर्मांतरावर जो गदारोळ झाला तो आपण वाचलेला असतो. तिकडे काय चालले होते ते कमी ठाऊक आहे. ज्या भगिनींनी त्यांना आश्रय दिला, त्यांच्याशीच रमाबाईंचा तीव्र पत्रवाद सुरू झाला. त्रैक्याचा सिद्धान्त, ख्रिस्ताचे ईश्वरत्व, त्याचा अलौकिक जन्म, अशा मुद्द्यांवर त्या प्रश्न विचारीत. हे ग्रंथात कोठे आहे, असा त्यांचा रोख असे. चर्चने ठरवले आहे म्हणून मान्य करा, हे उत्तर त्यांना चालत नव्हते. एक पुरोहितवर्ग सोडून दुसऱ्याचे जोखड मानेवर घेण्यासाठी त्या इतक्या लांब गेल्या नव्हत्या. एका भगिनीने दिलेल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे होती, तेव्हा त्यांनी तीही नको म्हटली. अक्षरे घालायचीच तर संस्कृत घाला, असा त्यांचा आग्रह होता. ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. पण लॅटिन ही ख्रिस्ताचीही भाषा नव्हे आणि रमाबाईंचीही नव्हे, हे ज्याच्या ध्यानात येईल त्याला त्यातील मर्म कळेल.

येथे थोडे विषयांतर करून हे प्रश्न मुळात कोठून आले ते पाहिले पाहिजे. ख्रिस्ती धर्माची पहिली पिढी जे शास्त्र वाचीत होती ते यहुदी लोकांचे हिब्रू शास्त्र. परंतु बहुसंख्य ख्रिस्ती ते हिब्रूत वाचीत नव्हते. इ. स. पूर्व तिसऱ्या शतकापासून इजिप्तमधील अलेक्झांड्रियाच्या ग्रीक बोलणाऱ्या यहुद्यांसाठी त्या ग्रंथांची ग्रीक भाषांतरे होत गेली होती. टॉलेमी राजाच्या काळी बहात्तर पंडितांनी हे काम केले अशी आख्यायिका आहे, म्हणून त्यास सत्तरांचे भाषांतर, म्हणजे सेप्टुअजिंट, हे नाव पडले. नव्या कराराच्या लेखकांनी जुन्या शास्त्रातील वचने घेतली ती बहुतांशी या ग्रीक पाठातून. त्याचा परिणाम किती खोल झाला, ते दोनतीन उदाहरणांवरून दिसेल.

यशया संदेष्ट्याच्या सातव्या अध्यायात आहाज राजाला एक चिन्ह सांगितले आहे. एका स्त्रीला मुलगा होईल आणि त्याचे नाव इम्मानुएल ठेवतील. तेथे हिब्रू शब्द आहे अल्मा, म्हणजे वयात आलेली तरुणी. कौमार्य स्पष्ट सांगणारा बेथुला हा वेगळा शब्द हिब्रूत आहे, तो येथे नाही. ग्रीक भाषांतरकाराने मात्र पार्थेनोस हा शब्द योजला आणि त्याचा रूढ अर्थ कुमारिका. मत्तयाने येशूच्या जन्माची कथा लिहिताना हेच ग्रीक वचन आधारास घेतले. पुढे दुसऱ्या शतकात ख्रिस्ती व यहुदी यांच्यात या एका शब्दावरून वाद पेटला, आणि अक्विला नावाच्या भाषांतरकाराने यहुद्यांसाठी नवे ग्रीक भाषांतर केले तेव्हा पार्थेनोस काढून तेथे तरुणी या अर्थाचा शब्द घातला. भाषांतराच्या चुकीतून सिद्धान्त जन्मला असे काही लोक म्हणतात. ते मला घाईचे वाटते. लूकनेही कुमारीजन्माची कथा सांगितली आहे, पण यशयाचे वचन उद्धृत केलेले नाही. श्रद्धा आधीच असेल, ग्रीक शब्दाने तिला शास्त्राधार दिला. पण आधार मिळाल्याने श्रद्धेला जे बळ येते ते कमी लेखून चालणार नाही.

दुसरे उदाहरण याहून मोठे आहे, पण त्याची चर्चा कमी होते. हिब्रू शास्त्रात देवाचे एक विशेषनाम चार अक्षरांत लिहिलेले असते. भक्तिभावाने ते उच्चारीत नाहीत, त्याच्या जागी प्रभू असे वाचतात. जुन्यातल्या जुन्या ग्रीक हस्तलिखितांपैकी काहींत ते नाव हिब्रू अक्षरांतच लिहिलेले सापडले आहे. पण ख्रिस्ती लोकांच्या हाती जी परंपरा आली तिच्यात त्या जागी सरसहा किरिओस, म्हणजे प्रभू, हा शब्द आहे. येशूसही शिष्य प्रभू म्हणत. म्हणून योएलाच्या पुस्तकात जे देवाच्या नावाचा धावा करण्याविषयी सांगितले आहे, ते पौल रोमकरांस लिहिताना सरळ येशूकडे वळवू शकतो. मूळ विशेषनाम डोळ्यांपुढे असते तर ही उडी इतकी सहज झाली असती का? आणखी एक : चाळिसाव्या स्तोत्रात हिब्रू पाठ सांगतो की देवाने भक्ताचे कान उघडले. ग्रीक पाठात कानांच्या ठिकाणी शरीर आले, आणि इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात त्या शरीरावर ख्रिस्ताच्या बलिदानाचे सारे विवेचन उभे राहिले.

चौथ्या शतकाच्या शेवटी जेरोमने बेथलेहेमात बसून थेट हिब्रूवरून लॅटिन भाषांतर करावयास घेतले, तेव्हा चर्चमध्ये खळबळ उडाली. ऑगस्टिनने त्याला कळवले की आफ्रिकेतील एका गावी योनाच्या पुस्तकातील वेलीचे नाव बदललेले ऐकून मंडळींनी गोंधळ घातला आणि बिशपची अब्रू जाण्याची वेळ आली. भोपळ्याचा वेल पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेला, त्याचे जागी दुसरेच झुडूप कसे खपवून घेणार? आपल्याकडे आरतीतला एक शब्द बदलून पाहावा म्हणजे त्या गावकऱ्यांची मनःस्थिती कळेल. या जेरोमच्या सोबत पौला नावाची एक रोमन विधवा आणि तिची मुलगी युस्टोकियम होती. पैसा, मठ, सारे काही पौलाचे, आणि ती स्वतः हिब्रू इतके उत्तम शिकली की स्तोत्रे मूळ भाषेत गात असे, हे जेरोमनेच नमूद करून ठेवले आहे. नाव मात्र जेरोमचे राहिले. विधवा आई, तिची मुलगी, हिब्रू भाषा आणि स्त्रियांचा मठ : पंधराशे वर्षांनंतर हेच चित्र पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे पुन्हा दिसते. फरक इतकाच, की तेथे जेरोम नव्हता.

मधली वर्षे भराभर सांगतो. १८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई फिलाडेल्फियास गेल्या. पुढल्या वर्षी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक निघाले. अमेरिकेत त्यांच्या कार्यासाठी संस्था स्थापन झाली आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस चौपाटीवर शारदा सदन उघडले. ते पुढे पुण्यास आले. धर्माच्या बाबतीत सदन तटस्थ राहील हे आश्वासन होते. परंतु १८९१ च्या सुमारास रमाबाईंच्या मनाचा पालट झाला, पूर्वीच्या शंका मावळल्या व ख्रिस्तावरील निष्ठा अंतरंगात मुरली. त्यांच्या प्रार्थनेच्या खोलीचे दार उघडे असे आणि मुली आत येत. १८९३ साली रानडे, भांडारकर आदी सल्लागारांनी राजीनामे दिले. केसरीने झोड उठवली. या प्रकरणात एकट्या केसरीकडे बोट दाखवणे मला न्यायाचे वाटत नाही. ज्यांनी विश्वासाने विधवा लेकी तेथे धाडल्या त्यांची भीती खोटी नव्हती. आणि प्रार्थनेचे दार लावून घ्या असे सांगितले गेले असता रमाबाईंनी का म्हणून लावावे, हेही मला सांगता येणार नाही.

१८९६ पासूनच्या दुष्काळात त्या मध्यप्रांतात गेल्या आणि तेथून उपाशी मुलींना घेऊन आल्या. लहानपणी स्वतः भोगलेला दुष्काळ त्या विसरल्या नव्हत्या. केडगावला मुक्ति सदन उभे राहिले. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. विणकाम, शेती, गुरे, तेलघाणा, छापखाना, सर्व कामे स्त्रियांच्या हाती.

या स्त्रियांसाठी रमाबाईंना बायबल हवे होते. मराठी बायबल तेव्हा उपलब्ध नव्हते असे नाही. श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांनी नवा करार १८११ साली मोडी लिपीत छापला होता, अमेरिकन मिशनने १८२६ साली आपला काढला, आणि बायबल सोसायटीचे संपूर्ण बायबल सर्वत्र वाचले जात होते. पण त्याची भाषा संस्कृतप्रचुर होती. दुष्काळातून आलेल्या, नुकती अक्षरे ओळखू लागलेल्या बाईला ती कळत नसे. शिवाय त्यातील पुष्कळ शब्द आपल्याकडील तत्त्वज्ञानाचे अर्थ पोटात घेऊन आलेले आहेत आणि त्यामुळे मूळ आशय झाकोळतो, असे रमाबाईंचे मत झाले होते. हा पेच मराठीत ख्रिस्ती ग्रंथ लिहिणाऱ्या सर्वांपुढे उभा राहिला आहे. फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली छापलेल्या ख्रिस्तपुराणात स्वर्गाला खुशाल वैकुंठ म्हटले. अवतार म्हणावे की देहधारण, मोक्ष म्हणावे की तारण, यांतील प्रत्येक निवड श्रोत्याच्या मनात वेगळी श्रद्धा घडवते. अलेक्झांड्रियातल्या त्या अनामिक भाषांतरकारांचाच हा प्रश्न आहे.

रमाबाईंनी तो सोडवला तो मुळाशी जाऊन. त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. शिकवण्यासाठी मराठीत हिब्रूचे व्याकरणही तयार करून आपल्या छापखान्यात छापले. ही भाषा महाराष्ट्रास अगदीच परकी नव्हती. आपल्या कोकणच्या किनाऱ्यावरील बेने इस्राएल, ज्यांना गावोगाव शनवार तेली म्हणत, ते प्रार्थना हिब्रूत करीत आणि घरी मराठी बोलत. डॉ. जॉन विल्सन यांचे मराठीतील हिब्रू व्याकरण १८३२ सालचे, आणि वल्हांडणाच्या सणाचे पुस्तक हिब्रू व मराठीत पुण्यास १८७४ साली छापले गेले. तरीही एका स्त्रीने सबंध बायबल मूळ भाषांतून उतरवणे ही गोष्ट जगात दुर्मीळच होती. अमेरिकेत ज्युलिया स्मिथ या बाईंनी १८७६ साली तसे भाषांतर प्रसिद्ध केले होते, परंतु त्यांनी ते स्वतःच्या मातृभाषेतील जुन्या भाषांतराच्या शेजारी बसून केले. रमाबाईंना मराठीचा बोलीजवळचा बाज घडवावा लागला, आणि तोही जिचे बालपण संस्कृतात गेले अशा विदुषीने. भागवत तोंडपाठ असलेली बाई जड शब्द खोडीत बसली आहे, हे चित्र मला त्यांच्या कलकत्त्याच्या सत्काराहून अधिक मोलाचे वाटते.

कोणी म्हणेल, मग त्यांनी अल्मा आणि पार्थेनोस यांचा निवाडा करून जुन्या शंका उकरून काढल्या असतील. तसे समजणे चूक. चेल्टनहॅमची शंकेखोर तरुणी आणि केडगावची रमाबाई यांच्यात वीस वर्षांचे अंतर होते. १९०५ साली मुक्तिमध्ये भक्तीची जी प्रचंड लाट उठली तिच्या मध्यभागी त्या होत्या. बायबलाचे अक्षर न्‌ अक्षर त्यांना ईश्वराचे वाटे. परंतु म्हणूनच ते अक्षर दुसऱ्याने चाळून दिलेले नको, हा आग्रह मात्र तरुणपणचाच राहिला.

ओळींची जुळवणी मुलींनी केली, छपाई मुलींनी केली, मुद्रिते रमाबाई स्वतः तपासत. जुलै १९२१ मध्ये मनोरमा वारली. आईनंतर मुक्तीचा भार तिच्यावर यायचा होता. कान गेलेले, शरीर खचलेले, तरी तपासणीचे काम चालूच राहिले. शेवटची मुद्रिते पुरी होईपर्यंत आयुष्य मिळावे अशी त्यांनी प्रार्थना केली व ती पुरी झाल्यावरच प्राण सोडला, असे सांगितले जाते. त्या गेल्या ५ एप्रिल १९२२ रोजी. ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला.

त्याचे पुढे फारसे झाले नाही. मंडळ्यांतून बायबल सोसायटीचेच भाषांतर चालू राहिले, कारण लोकांच्या कानाला ते सरावलेले होते. आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचे रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी संतांच्या वाणीचा धागा धरून ख्रिस्तभक्ती गायिली आणि ती घराघरांत गेली. रमाबाईंनी तो धागा जाणूनबुजून सोडला, त्यामुळे त्यांच्या गद्याला गोडवा कमी आणि अपरिचितपणा अधिक. वाङ्मय म्हणून पाहिले तर टिळकांची वाट मला अधिक मराठी वाटते. पण गावंढळ म्हणून हिणवलेल्या बायकांना ज्या भाषेत वाचता येईल ती भाषा ग्रंथाला द्यायची, हे टिळकांपुढचे काम नव्हते, रमाबाईंपुढचे होते. केडगावी मुक्ति मिशन आजही आहे. शेरवलीच्या कर्व्यांना १९५८ साली, शंभराव्या वर्षी, भारतरत्न मिळाले. त्या वर्षी रमाबाईंचीही जन्मशताब्दी होती.